लॅटिन धर्तीची कल्पित नामे आणि त्यांचे मराठी उच्चारण

१

वाशिम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यात कामरगाव नावाचे गाव आहे. गावातील कोणासही या नावाचा उच्चार शिकावा लागत नाही. परंतु हेच नाव रोमन लिपीत लिहिले म्हणजे त्यात ‘ए’ हे एकच अक्षर तीन वेळा येते. पहिल्या व तिसऱ्या स्थानी त्याचे मूल्य ‘आ’ असते, तर दुसऱ्या स्थानी ‘अ’. शेवटचे ‘एन’ हे अक्षर तर व्यंजनाचे नसून, ‘गांव’ या जुन्या लेखनात अनुस्वाराने दाखविले जाणारे अनुनासिक तेवढे सुचविते. ज्याने हे नाव कधी ऐकले नाही असा परदेशी वाचक ते ‘कॅमर्गेऑन’ असे वाचील. त्याचे हे वाचन अज्ञानाचे द्योतक मानता येणार नाही. त्याच्यापुढील लेखनात उच्चार पुरता सांगितलेलाच नाही. उरलेला भाग त्याने स्वतःच्या भाषेच्या सवयीने भरून काढला, इतकेच.

मराठी वाचक पाश्चात्त्य अद्भुतकथांतील नामे वाचतो तेव्हा हीच स्थिती उलट बाजूने उद्भवते. या कथांतील राजे, जादूगार, नगरे आणि मंत्र यांना लॅटिन किंवा लॅटिनसदृश नावे देण्याची प्रथा रूढ आहे. मूळ रोमन लेखनात अशा नामाचा उच्चार काही अंशी अनिश्चित राहू शकतो, आणि इंग्रजी वाचक तो तसाच राहू देतो. देवनागरीत ही सवलत नाही. रोमन ‘सी’ या अक्षराच्या जागी देवनागरीत क, स किंवा च यांपैकी एक लिहावेच लागते. ‘टी’ च्या जागी त किंवा ट, आणि ‘व्ही’ च्या जागी व किंवा व्ह. म्हणून अशा नामाचे लिप्यंतर हे केवळ अक्षरांची अदलाबदल नसून तो उच्चाराविषयी दिलेला निर्णय असतो, आणि ज्याच्या हाती केवळ मराठी पुस्तक आहे त्या वाचकाच्या दृष्टीने तो अंतिम असतो. हा निर्णय कोणत्या आधारावर द्यावा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

२

प्रथम ‘शुद्ध उच्चार’ या शब्दप्रयोगाचा अर्थ निश्चित केला पाहिजे. जिवंत भाषेतील नामाचा शुद्ध उच्चार म्हणजे त्या भाषेच्या भाषकांचा उच्चार. मृत भाषेच्या बाबतीत भाषक उपलब्ध नसतात. तेथे व्याकरणकारांची वचने, कोरीव लेखांतील लेखनदोष, इतर भाषांत गेलेले शब्द आणि छंदःशास्त्र यांवरून उच्चाराची पुनर्रचना करावी लागते. कल्पित जगातील नामांना तर भाषक कधी नव्हतेच. तेथे शुद्धाशुद्धतेचा अर्थ इतकाच उरतो की, उच्चार एखाद्या नियमास धरून आहे की नाही. तो नियम लेखकाने स्वतः सांगितलेला असेल, कथेतील जगाच्या रचनेतून निघत असेल, किंवा वाचकांच्या परंपरेने रूढ झालेला असेल. या तीन आधारांत नेहमी एकवाक्यता असतेच असे नाही.

लॅटिन धर्तीच्या नामांत आणखी एक अडचण आहे. ‘लॅटिनप्रमाणे उच्चार करावा’ असे म्हटल्याने प्रश्न सुटत नाही. कारण लॅटिनचे उच्चारसंप्रदायच अनेक आहेत. सिसेरो या सुप्रसिद्ध वक्त्याचे नाव घेतले तर ही गोष्ट स्पष्ट होते. त्याच्या स्वतःच्या काळात ते ‘किकेरो’ असे उच्चारले जात असे. रोमन चर्चच्या इटालियन वळणाच्या उच्चारात ते ‘चिचेरो’ होते, जर्मन परंपरेत ‘त्सित्सेरो’, आणि इंग्रजीत ‘सिसेरो’. लेखन एकच, उच्चार चार.

यांपैकी प्राचीन उच्चाराविषयी आज विद्वानांत मोठा मतभेद नाही. इरॅस्मसने १५२८ साली लॅटिन व ग्रीक यांच्या शुद्ध उच्चारावर संवादरूप ग्रंथ लिहून या चर्चेस चालना दिली. सिडनी ॲलन यांच्या १९६५ सालच्या ‘व्होक्स लॅटिना’ या ग्रंथात तिचे निष्कर्ष सुसंगतपणे मांडलेले आढळतात. अभिजात लॅटिनमध्ये ‘सी’ चे मूल्य सर्वत्र क असेच होते. ग्रीक लेखकांनी सीझर व सिसेरो ही नावे ‘काप्पा’ या अक्षराने लिहिली आहेत. जर्मन भाषेने लॅटिनमधून फार प्राचीन काळी घेतलेल्या शब्दांतही क टिकून आहे. ‘कायझर’ हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. सार्डिनियाच्या मध्यभागातील बोलींत शंभर या अर्थाच्या शब्दाच्या आरंभी अद्यापि क ऐकू येतो, तर इटालियनमध्ये त्याच जागी च आहे. इ आणि ए या तालव्य स्वरांपूर्वी क चे तालव्यीभवन होऊ लागले ते पाचव्या शतकाच्या सुमारास.

मराठीच्या अभ्यासकास ही प्रक्रिया अपरिचित वाटू नये. मराठीत च या एकाच अक्षराचे दोन उच्चार आहेत. ‘चांदणे’, ‘चूल’ यांत तो दंत्य आहे, तर ‘चिमणी’, ‘चेहरा’ यांत तालव्य. इ आणि ए यांच्यापूर्वी जीभ टाळूकडे ओढली जाते, हे त्याचे कारण. ज्या स्वरांनी इटलीत क चा च केला, त्याच स्वरांनी मराठीत च चे तालव्य रूप राखले आहे.

‘व्ही’ या अक्षराचे अभिजात मूल्य अर्धस्वराचे होते. ग्रीक लेखक रोमन नावांतील हा वर्ण ‘ऊ’ या उच्चाराच्या जोडाक्षराने दाखवीत, यावरून ते सिद्ध होते. ‘ए’ आणि ‘ई’ ही अक्षरे जोडून लिहिला जाणारा संयुक्त स्वर ‘आइ’ सारखा होता. पुढे चर्चच्या उच्चारात तो ‘ए’ झाला आणि इंग्रजीत ‘ई’. म्हणूनच एका ‘कायसार’ या नावाची इटालियन वळणाने ‘चेसर’ आणि इंग्रजी वळणाने ‘सीझर’ अशी रूपे होतात.

३

मराठीपुरते पाहता लॅटिन शब्द तिच्यात कमीत कमी चार वाटांनी आलेले आहेत, आणि प्रत्येक वाटेने आपली ध्वनिमुद्रा त्यांच्यावर उमटविलेली आहे.

पहिली वाट पूर्वेकडील ग्रीक व इराणी जगातून येते. रोमन नाण्याचे नाव ग्रीकमार्गे भारतात येऊन ‘दीनार’ झाले आणि गुप्तकालीन लेखांत रूढ झाले. ‘कैसर’ हा शब्दही याच दिशेचा. कनिष्काच्या आरा येथील कोरीव लेखात राजाच्या बिरुदांमध्ये ‘कइसर’ असे वाचन केले गेले आहे. पुढे अरबी-फारसीच्या द्वारे तो शब्द पुन्हा आला, आणि १८७७ च्या दिल्ली दरबारात राणी व्हिक्टोरियाच्या पदवीत ‘कैसर-इ-हिंद’ या रूपाने मिरविला. या वाटेने आलेल्या शब्दांत क कायम आहे, द दंत्य आहे आणि ‘ऐ’ हा संयुक्त स्वर शाबूत आहे.

दुसरी वाट पोर्तुगिजांची. लॅटिनमधील पित्याचा वाचक शब्द पोर्तुगीजमधून ‘पाद्री’ झाला. ‘फीत’ आणि ‘तुरुंग’ हे शब्दही याच वाटेने आले. त्यांतील त व द दंत्य आहेत, कारण पोर्तुगीज भाषकांचे ते वर्ण दंत्यच होते. ‘बटाटा’ यासारखे अपवाद आहेत. परंतु ते अपवादच होत.

तिसरी वाट मराठी बायबलाची असून तिच्याकडे भाषाभ्यासकांचे लक्ष पुरेसे गेलेले नाही. मराठी नव्या करारात रोमन इतिहासातील अनेक नावे येतात आणि ती ग्रीक मूळाच्या अनुरोधाने लिहिलेली आहेत: कैसर औगुस्त, तिबिर्य कैसर, क्लौद्य, कर्नेल्य, पंतय पिलात. येथेही क कायम आहे व त दंत्य आहे. शिवाय लॅटिन प्रथमेचा ‘-उस’ हा प्रत्यय गाळलेला असून ‘-इउस’ याच्या जागी ‘-य’ आलेला आहे. परिणामी ही नामे मराठी अकारान्त पुल्लिंगी नामांप्रमाणे चालतात. ‘पिलाताने’, ‘तिबिर्याच्या’ अशी सामान्यरूपे सहज होतात. ती परकी असूनही मराठीच्या व्याकरणात सामावून गेलेली आहेत.

चौथी वाट इंग्रजीची. आज ती राजमार्ग झालेली आहे. तिच्यातून आलेल्या शब्दांत दंत्यांच्या जागी मूर्धन्य येतात, कारण इंग्रजीचे ‘टी’ व ‘डी’ हे वर्ण मराठी कानास ट, ड असे ऐकू येतात. ‘डॉक्टर’ हा शब्द मूळचा अस्सल लॅटिन, पण त्यातील दोन्ही वर्ण मूर्धन्य झालेले आहेत. ‘व्ही’ साठी व्ह लिहिला जातो, आणि ॲ, ऑ ही खास इंग्रजीसाठी योजलेली स्वरचिन्हे येतात.

या वाटा एकाच नामाच्या बाबतीत एकत्र येतात तेव्हा त्यांतील अंतर डोळ्यांत भरते. रोमच्या पहिल्या सम्राटाचे नाव बायबलात ‘औगुस्त’ आहे. त्याच्याच नावाचा महिना पंचांगात ‘ऑगस्ट’ आहे. बायबलातील ‘तिबिर्य’ इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात ‘टायबेरियस’ होतो, ‘क्लौद्य’ हा ‘क्लॉडियस’ होतो, आणि ‘कैसर’ हा ‘सीझर’. रशियाच्या सम्राटाचे ‘झार’ हे अभिधानही त्याच मूळ शब्दाचे स्लाव्ह भाषांतून फिरून आलेले रूप होय. मराठी वाचक कैसर, सीझर आणि झार हे तीन शब्द वापरतो. ते एकच आहेत याची जाणीव त्याला क्वचितच असते.

यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. लॅटिन नामाचा इंग्रजी वळणाचा उच्चार हा मराठीत एकमेव नाही आणि सर्वांत जुनाही नाही. क, दंत्य त-द, साधा व, संयुक्त ऐ-औ ही अभिजात लॅटिनची जी लक्षणे, ती मराठीच्या जुन्या वाटांनी अधिक चांगली राखली आहेत. मराठीचा व हा इंग्रजीच्या ‘व्ही’ इतका घर्षक नाही, त्यामुळे तो लॅटिन अर्धस्वराच्या अधिक जवळचा आहे. फ, थ, ख हे महाप्राण वर्ण तर रोमन लोकांना ग्रीक शब्दांसाठी प्रयासाने लिहावे लागत. मराठीत ते जन्मजात आहेत.

४

आता कल्पित जगांकडे वळता येईल. येथे तीन उदाहरणे पुरेशी आहेत, कारण त्यांतून तीन निरनिराळे आधार दिसून येतात.

पहिले उदाहरण जे. आर. आर. टोल्कीन यांचे. ते व्यवसायाने भाषाशास्त्रज्ञ होते. त्यांच्या १९५४-५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तीन खंडांच्या महाकथेचा मराठी अनुवाद मुग्धा कर्णिक यांनी ‘स्वामी मुद्रिकांचा’ या नावाने केलेला आहे. या कथेतील एल्फ लोकांच्या प्राचीन भाषेला टोल्कीन यांनी एल्फांचे लॅटिन असे म्हटले आहे; कारण ती बोलण्यातून जाऊन विधी व विद्या यांपुरती उरली होती. ग्रंथाच्या शेवटी त्यांनी उच्चाराचे नियम स्वतंत्र परिशिष्टात दिले आहेत. त्यांपैकी पहिलाच नियम असा की, ‘सी’ चे मूल्य इ व ए यांच्यापूर्वीही क असेच समजावे. म्हणजे इंग्रजी वाचक ज्या नावाच्या आरंभी स्वाभाविकपणे स उच्चारील ते नाव ‘केलेबॉर्न’ आहे, आणि ज्या नौकाकाराच्या नावास तो ‘सर्डन’ म्हणेल तो ‘कीर्दान’ आहे. ‘जी’ चे मूल्यही सर्वत्र ग असेच आहे.

येथे लेखकाचा नियम स्पष्ट शब्दांत उपलब्ध असल्यामुळे अनुवादकाला पर्याय उरत नाही. तथापि एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. हे नियम मुख्यतः इंग्रजी वाचकाच्या सवयी मोडण्यासाठी लिहिलेले आहेत. मराठी वाचकाच्या त्या सवयी नाहीत. देवनागरीत ‘केलेबॉर्न’ असे एकदा लिहिले म्हणजे त्याला परिशिष्ट पाहण्याची गरजही राहत नाही. इंग्रजी वाचकाला जे प्रयत्नाने साधावे लागते ते मराठी वाचकास लिपीच देऊन टाकते. परंतु अनुवादकाने इंग्रजी मुखातून ऐकलेले रूप लिहिले, तर लेखकाने निवारण करू घातलेली चूक देवनागरीत कायमची नोंदली जाते, आणि ती दुरुस्त करण्याचे साधनही वाचकाजवळ उरत नाही.

दुसरे उदाहरण जे. के. रोलिंग यांच्या हॅरी पॉटर या मालेचे. तिचा पहिला भाग १९९७ साली निघाला. मालेचे मराठी अनुवाद मंजुल पब्लिशिंग हाऊसने प्रसिद्ध केले आहेत. रोलिंग यांनी एक्सिटर विद्यापीठात फ्रेंच व अभिजात वाङ्मय यांचा अभ्यास केला होता, आणि त्यांच्या पात्रांची नावे लॅटिनने भारलेली आहेत. परंतु हे जग टोल्कीन यांच्या जगाप्रमाणे स्वतंत्र नाही. ते ब्रिटनमध्येच दडलेले आहे आणि त्यातील माणसे ब्रिटिश आहेत. त्यामुळे त्यांची नावेही ब्रिटिश शाळेच्या परंपरेनेच उच्चारली जातात. प्राचीन रोममध्ये ज्याला ‘सेवेरुस’ म्हटले असते तो येथे ‘सेव्हरस’ आहे. ‘रेमुस’ हा ‘रीमस’, आणि ‘द्राको’ हा ‘ड्रेको’. येथे अभिजात उच्चाराचा आग्रह धरणे हे पांडित्याचे प्रदर्शन ठरेल. मुंबईतील एखाद्या ‘व्हिक्टर’ नावाच्या गृहस्थास ‘विक्तोर’ अशी हाक मारण्यासारखेच ते होय.

या मालेतील मंत्र मात्र नामांहून वेगळे आहेत. पहिल्याच भागात वस्तू हवेत उचलण्याचा मंत्र ‘विंगार्डियम लेव्हिओसा’ शिकविला जातो. तेथे एक विद्यार्थी तो चुकीचा म्हणतो, आणि त्याची सहाध्यायिनी ‘गार’ हे अक्षर लांबवावे अशी दुरुस्ती करते. उच्चारावर मंत्राची सिद्धी अवलंबून असणे ही कल्पना मराठी वाचकास नवी नाही. स्वर किंवा वर्ण चुकला तर मंत्र फलद्रूप होत नाही, ही वैदिक परंपरेचीच धारणा आहे. परंतु येथे अधिक लक्षणीय गोष्ट अशी की, ही दुरुस्ती लॅटिनच्या आघातनियमाशी तंतोतंत जुळते. तो नियम पुढील विवेचनात येईल.

याच मालेत लेखकाचा अधिकार आणि वाचकांची रूढी यांतील विरोधही दिसतो. २००० साली निघालेल्या चौथ्या भागात लेखिकेने ‘हर्मायनी’ या नावाचा उच्चार कथेतील प्रसंगातूनच समजावून दिला, आणि तो सर्वमान्य झाला. उलट, खलनायकाच्या नावातील अंत्य ‘टी’ अनुच्चारित आहे असे त्यांनी २०१५ साली जाहीर केले, तोपर्यंत चित्रपटांमुळे ‘व्होल्डेमॉर्ट’ हा उच्चार जगभर रुळला होता, आणि तो तसाच राहिला. लेखकाचा नियम ग्रंथातच आला तर तो चालतो. मागाहून आला तर रूढी त्याला मानीत नाही.

तिसरे उदाहरण सुझान कॉलिन्स यांच्या २००८ ते २०१० या काळात निघालेल्या ‘द हंगर गेम्स’ या कथात्रयीचे. त्यातील राष्ट्राचे नाव ‘भाकरी’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून घेतलेले आहे. राजधानीतील लोकांची नावे सीझर, सिन्ना, सेनेका अशी रोमन आहेत. येथे लेखिकेने उच्चाराचे परिशिष्ट दिलेले नाही. परंतु हे राष्ट्र भविष्यकालीन उत्तर अमेरिकेत वसलेले आहे आणि तेथील लोक इंग्रजी बोलतात, यावरून नियम काढता येतो. रोमन नावे ही त्यांची हौस आहे, वारसा नव्हे. म्हणून ‘सीझर’ हेच रूप योग्य. ‘कैसर’ लिहिल्यास ते पात्र त्या जगाबाहेरचे वाटू लागेल.

या तीन उदाहरणांवरून अग्रक्रम असा ठरतो. ग्रंथात लेखकाचा नियम असेल तर तो प्रमाण. तो नसेल तर कथेतील जगाचा भाषिक वारसा प्रमाण. आणि तोही अस्पष्ट असेल तर वाचकांची रूढी. ज्या जगाचा इंग्रजीशी काही संबंध नाही, त्यातील लॅटिन धर्तीची नामे इंग्रजी वळणाने लिहिण्यास कोणतेही भाषिक कारण नाही.

५

वर्णांचा निर्णय झाल्यावर आघाताचा प्रश्न राहतो. लॅटिनचा आघातनियम क्विन्टिलियन याने पहिल्या शतकातच नोंदविला आहे, आणि छंदःशास्त्र शिकलेल्या मराठी विद्यार्थ्यास तो एका वाक्यात सांगता येतो. शब्द दोन अक्षरांचा असेल तर आघात पहिल्यावर. अधिक अक्षरांचा असेल तर उपान्त्य अक्षर गुरू असल्यास त्याच्यावर, आणि लघू असल्यास त्याच्या आधीच्या अक्षरावर. गुरुत्वाची व्याख्याही जवळजवळ आपलीच आहे: दीर्घ स्वर, संयुक्त स्वर, किंवा जोडाक्षरापूर्वीचा ऱ्हस्व स्वर. टोल्कीन यांनी आपल्या भाषांसाठी हाच नियम स्वीकारला आहे. ‘इसिल्दुर’ यात उपान्त्य ‘सिल्’ जोडाक्षरामुळे गुरू, म्हणून आघात त्याच्यावर. ‘एलेन्तारी’ यात ‘ता’ वर. ‘विंगार्डियम’ मध्ये उपान्त्य ‘डि’ लघू आहे, म्हणून आघात मागे जाऊन ‘गार्’ वर पडतो; ‘लेव्हिओसा’ मध्ये ‘ओ’ दीर्घ असल्याने तो तेथेच पडतो. शाळेतील त्या मुलीने केलेली दुरुस्ती क्विन्टिलियनलाही मान्य झाली असती.

मराठीत आघात क्षीण असून तो अर्थभेदक नाही. तथापि मराठी वाचक गुरू अक्षर सहज लांबवितो, त्यामुळे देवनागरी लेखनात गुरू-लघू नीट दाखविले तर आघात बव्हंशी आपोआप योग्य स्थानी पडतो. येथे देवनागरीच्या तीन मर्यादा मात्र आड येतात, आणि त्यांची जाणीव लिप्यंतर करणाऱ्यास असावी लागते.

पहिली मर्यादा अशी की, देवनागरीत ए व ओ हे नित्य गुरू आहेत. लॅटिनमध्ये व टोल्कीन यांच्या भाषांत हे स्वर ऱ्हस्वही असतात. ‘किकेरो’ मधील ‘के’ ऱ्हस्व आहे, म्हणून आघात ‘कि’ वर हवा. पण देवनागरी वाचक ‘के’ लांबविणार. ‘देनेथॉर’ या नावातील ‘ने’ ची स्थिती हीच. कन्नड व तेलुगू लिप्यांत ऱ्हस्व ए-ओ यांस स्वतंत्र चिन्हे आहेत. देवनागरीतही द्राविडी भाषांच्या लिप्यंतरासाठी ऎ, ऒ ही चिन्हे योजिली गेली आहेत. कथाग्रंथात ती वापरणे वाचकास जड जाईल. तेथे ग्रंथारंभी नामांची सूची देऊन आघाताचे अक्षर ठळक छापणे, हा व्यवहार्य उपाय होय.

दुसरी मर्यादा मराठी लेखननियमांतून येते. १९६२ साली शासनाने मान्य केलेल्या नियमांनुसार मराठी शब्दांतील अकारान्तापूर्वीचे इकार-उकार दीर्घ लिहिले जातात: गरीब, फूल. या सवयीने अनेकांच्या हातून ‘रेमूस’, ‘इसिलदूर’ अशी रूपे लिहिली जाण्याचा संभव असतो. परंतु हा नियम तद्भव शब्दांचा आहे. तत्समांस तो लागू नाही, आणि कल्पित परकी नामांस तो लावण्याचे कारण नाही. ‘इसिलदूर’ असे लिहिल्यास आघाताचे स्थान तर बदलतेच, शिवाय वाचकास त्यात ‘दूर’ हा परिचित शब्द दिसू लागतो आणि नामाची फोड चुकते.

तिसरी मर्यादा अनुच्चारित अ ची. ‘कामरगाव’ या नावात र पूर्ण लिहिला जातो, पण बोलताना तो ‘कामर्गाव’ असा अर्धाच ऐकू येतो. गाववाल्यास हे सांगावे लागत नाही. कल्पित नामात मात्र पूर्ण र लिहिला तर तो पूर्ण उच्चारावा की अर्धा, हे कळण्यास मार्ग नसतो. म्हणून अशा नामांत व्यंजन जेथे स्वररहित असेल तेथे जोडाक्षर किंवा पाय मोडलेले अक्षर लिहावे. मराठीच्या नेहमीच्या शब्दांत जी चैन परवडते ती येथे परवडत नाही.

६

दोन प्रश्नांचा निर्देश करून हे विवेचन पुरे करता येईल.

पहिला प्रश्न बोलींचा. वऱ्हाडी बोलीत ळ च्या जागी य आणि ण च्या जागी न येतो, हे ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या सातव्या खंडापासून सर्वज्ञात आहे. लॅटिन धर्तीच्या नामांत ळ आणि ण हे दोन्ही वर्ण मुळातच नाहीत. त्यामुळे प्रमाण मराठी आणि वऱ्हाडी यांतील सर्वांत ठळक भेद येथे लागूच पडत नाहीत. इ आणि ए यांच्यापूर्वीचा व मात्र वऱ्हाडीत शिथिल होतो. ‘विहीर’ ची ‘इहीर’ होते. परंतु तोही भेद प्रामुख्याने परिचित शब्दांत दिसतो. प्रथमच पाहिलेले नाव वाचक अक्षरानुसार वाचतो. म्हणजे या नामांपुढे कामरगावचा वाचक आणि पुण्याचा वाचक एकाच पातळीवर उभे असतात. त्यांच्यात भेद पडतो तो इंग्रजी चित्रपट पाहिलेला वाचक आणि न पाहिलेला वाचक असा. पहिला दुसऱ्यास हसतो, आणि ज्या रूपास तो हसतो ते अनेकदा मूळ नियमाच्या अधिक जवळचे असते. केवळ देवनागरी वाचून ‘कीर्दान’ म्हणणारा विद्यार्थी टोल्कीन यांच्या परिशिष्टाशी अधिक प्रामाणिक आहे, हे त्याला कोणीतरी सांगणे अगत्याचे आहे.

दुसरा प्रश्न विभक्तीचा. इंग्रजी वाटेने आलेली नामे मराठीत सामान्यरूप घेत नाहीत. ‘सेव्हरसने’, ‘सेव्हरसचा’ असेच लिहिले जाते. बायबलाच्या वाटेने आलेली नामे सामान्यरूप घेतात. ज्या मराठी लेखकास स्वतःच्या कल्पित जगासाठी लॅटिन धर्तीची नामे घडवावयाची आहेत, त्याने तिबिर्य, क्लौद्य, कर्नेल्य यांच्या घडणीचा अभ्यास अवश्य करावा. परकेपणाचा गंध राखूनही मराठी वाक्यात सहज चालणारी नामे कशी घडतात, याचे ते तयार नमुने आहेत.

सारांश, लॅटिन धर्तीच्या कल्पित नामाचे लिप्यंतर करताना इंग्रजी उच्चार हा गृहीत धरण्याचा आधार नसून निवडण्याचा एक पर्याय आहे. कोणत्या जगास कोणती वाट शोभते हे एकदा ठरवावे. आणि एका जगात एकच वाट धरावी. त्याच ग्रंथात एक पात्र ‘कैसर’ आणि त्याचा बंधू ‘सिन्ना’ असा प्रकार झाला तर वाचकास त्या दोन नावांमागील एक भाषा ऐकू येत नाही, आणि भाषा ऐकू आली नाही म्हणजे ते जगही उभे राहत नाही. वर्ण, आघात आणि विभक्ती यांविषयीचा निर्णय ग्रंथारंभी एका पृष्ठात वाचकास सांगितला, तर ज्याच्या हाती केवळ मराठी पुस्तक आहे त्यालाही ती नामे आत्मविश्वासाने मोठ्याने वाचता येतील.